गाडी मिळाली, आता समन्स

गाडी चोरीला गेलेल्यांत मी एक, आणि परत मिळालेल्या थोड्यांतलाही एक. त्याची हकीकत सांगत बसत नाही. ती सगळ्यांची सारखीच असते. मला बोलायचंय ते गाडी मिळाल्यावर ऐकाव्या लागणाऱ्या दोन वाक्यांबद्दल. शेजारी, नातेवाईक, गॅरेजवाला, सगळे ती ऐकवतात. एक, ‘चोर आधी आमच्या ताब्यात द्यायला हवा होता.’ दुसरं, ‘मिळाली ना गाडी? मग सोडा, कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार?’ पहिलं तापट माणसाचं वाटतं, दुसरं शहाण्याचं. मला मात्र ती सख्खी भावंडं वाटतात, कारण साक्षीला उभं राहण्याचा कंटाळा दोन्हींच्या पोटात आहे.

हात साफ करून घेण्याची हौस कुठवर जाते ते पाहा. झारखंडच्या सराईकेला-खरसावाँ जिल्ह्यात जून २०१९मध्ये मोटारसायकल चोरल्याच्या संशयावरून एका तरुणाला खांबाला बांधून मारलं. काही दिवसांत तो गेला. २०२३ साली दहा जणांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. साध्या चोरीला कायद्यात जास्तीत जास्त तीन वर्षं आहेत. आपल्याकडे पालघरच्या गडचिंचले गावात एप्रिल २०२०मध्ये चोर समजून मारले गेलेले तिघे म्हणजे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक. यावर कुणी म्हणेल, संशयाचं सोडा, आमचा चोर गाडीसकट सापडलाय. तरीही मार फुकटच जातो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम इंग्रजांच्या काळापासूनचा, नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. चालतं ते एवढंच, की आरोपीने ‘अमुक ठिकाणी लपवली आहे, दाखवतो’ म्हटलं आणि पंचांसमक्ष गाडी तिथेच निघाली. म्हणजे वजन आहे ते तिथे निघालेल्या गाडीला, त्याच्याकडून वदवून घेतलेल्या शब्दांना नाही. उलट अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत अंगावरचे वळ नोंदले जातात आणि आरोपीच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

गाडी स्वतः किती बोलते, हे ज्याने जवळून पाहिलं नाही त्याला पटत नाही. हँडलखालच्या नळीवर चेसिस नंबर ठोकलेला असतो. चोर तो कानशीने घासून पत्रा गुळगुळीत करतात, वर दुसरा ठोकतात. पण आकडा ठोकताना खालचं पोलादही दबलेलं असतं. ती जागा पॉलिश करून तिच्यावर आम्लाचं द्रावण फिरवलं, की दबलेला भाग आणि बाकीचा भाग सारखे झिजत नाहीत, आणि घासणी फार खोल गेलेली नसेल तर मूळ आकडे अंधुक उमटतात. तो नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळवायचा आणि मालकाने कोर्टात ‘हीच माझी’ म्हणायचं, इतकं साधं काम आहे. मालकच समन्सला आला नाही, तर पंचनामे, प्रयोगशाळेचा अहवाल, सगळं लटकतं.

दुसऱ्या वाक्याची बाजू मात्र मला जास्त मान्य आहे. खटले वर्षानुवर्षं चालतात, रोजंदारीवाल्याचा दिवस बुडतो. पोलीस ठाण्यांच्या आवारात मुद्देमाल म्हणून पडलेल्या गाड्यांच्या सीटमधून गवत उगवलेलं कुणी पाहिलं नाही? पण गाडी अडकण्याचं दुखणं वेगळं आणि त्याला औषधही आहे. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्येच सांगितलं, की फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन गाडी मालकाला द्या, ठाण्यात कुजवू नका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तर फोटो आणि यादी करून तीस दिवसांत निकाली काढण्याची मुदत आहे. सुपुर्दनाम्याचा अर्ज केला की गाडी घरी येते, खटला चालू राहतो. लोक इथेच फसतात: गाडी घरी आली म्हणजे प्रकरण मिटलं असं समजतात. सुपुर्दनाम्यावर तर आपण लिहून दिलेलं असतं, की कोर्ट म्हणेल तेव्हा गाडी हजर करू, तोवर विकणार नाही, रंग बदलणार नाही.

उरतो दयेचा प्रश्न. चोर कधी कधी एक चक्कर मारायला गाडी उचलणारा पोरगाच निघतो. पेट्रोल संपलं की टाकून देतो. त्याला जन्मभराचा शिक्का का लावायचा? बरोबर आहे, पण त्यासाठी घरी बसायची गरज नाही. अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. सज्ञान असेल तर साध्या चोरीत मालकाला तडजोड करण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. पाच हजारांखालची वस्तू परत मिळाली आणि पहिलाच गुन्हा असेल, तर २०२४पासून शिक्षाच समाजसेवेची आहे. (पंधरा वर्षांची खटारा असेल तर पंचनाम्यात किंमत काय लिहिली जाते, तेवढं बघा.) माफ करायचं तर कोर्टात जाऊन, सही करून करता येतं; त्याची नोंद राहते. फेरी चुकवून केलेली माफी कुठेच लिहिली जात नाही, चोराला तर ती कळतही नाही. त्याच्या लेखी तो फक्त सुटलेला असतो. म्हणून माझ्याकडे गाडीच्या कागदांची पिशवी अजून तशीच आहे: आरसी, विम्याची प्रत, दुसरी चावी, सुपुर्दनाम्याची झेरॉक्स. तिच्यावर पुढची तारीख पेनाने लिहिलेली आहे, आधीच्या तीन खोडलेल्या.