जोडी जमली, पण म्हैस कळली का?

‘ताई, प्राणी शिकवायला कुठलं अ‍ॅप घेऊ?’ बालवाडीच्या पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. प्राण्यांच्या जोड्या लावायची अ‍ॅप्स तर ढिगाने मिळतात. बालशिक्षणाच्या कामाचा भाग म्हणून मी ती तपासते. त्यात माझं पहिलं लक्ष असतं ते जोडी कशाची कशाशी लावायची आहे, याकडे.

बहुतेक अ‍ॅप्समध्ये पत्ते पालथे असतात आणि हुबेहूब सारखी दोन चित्रं शोधायची असतात. यात मुलाला लक्षात ठेवावी लागते ती चित्राची जागा. स्मरणशक्तीला हा व्यायाम चांगलाच आहे, पण म्हैस म्हणजे काय हे ठाऊक नसलेलं मूलही ‘तो काळा आकार तिथे होता’ एवढ्यावर सगळ्या जोड्या जुळवू शकतं.

आता एक पत्ता बदलून पाहा. एकीकडे गोठ्यात उभी म्हैस, दुसरीकडे डबक्यात डुंबणारी, नुसतं डोकं वर काढलेली म्हैस. इथे मुलाला शिंगांची वळणं, कान, रंग न्याहाळावे लागतात. दोन गोष्टी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या की मुलं वरवरच्या दिसण्याच्या पलीकडे जातात, हे मानसशास्त्रज्ञ डेड्रे जेंटनर यांच्या संशोधनाने दाखवलं आहे. पुढची पायरी आई आणि पिल्लाची: म्हैस-रेडकू, घोडी-शिंगरू, शेळी-करडू, मेंढी-कोकरू. इथे दिसण्याबरोबर नातंही ओळखावं लागतं, आणि असा खेळ देणारी अ‍ॅप्स मला फार थोडी सापडतात.

चित्रं खरी हवीत, याबाबत मी आग्रही आहे. जूडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1998च्या प्रयोगात नऊ महिन्यांची बाळं चित्रातली वस्तू उचलायला बघत होती. चित्र हे खऱ्या वस्तूचं चित्र असतं, हेसुद्धा मुलाला हळूहळू उमगतं. पॅट्रिशिया गानेआ यांनी डीलोश यांच्यासोबत केलेल्या 2008च्या अभ्यासात दीड वर्षाच्या आतबाहेरची मुलं छायाचित्रातून शिकलेलं नाव खऱ्या वस्तूला जास्त सहज लावू शकली. व्यंगचित्रासारख्या चित्रांतून ते अवघड गेलं. चष्मा लावलेला ससा गोष्टीत शोभतो. प्राणी ओळखायला मात्र लांब कानांचा, मिशा हलवणारा खरा ससाच दाखवावा. शिवाय पडद्यावर मुंगी आणि हत्ती एकाच मापाच्या चौकटीत बसतात. म्हणून शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने विचारावं, ‘हा आपल्या दारातून आत येईल का रे?’

हे शेजारी बसणं मी सर्वांत महत्त्वाचं मानते. अगदी लहान मुलं पडद्यापेक्षा समोरच्या माणसाकडून अधिक शिकतात. एकट्या मुलाच्या हाती फोन दिला की टाळ्यांचा आवाज येईपर्यंत ते कुठेही बोट आपटत राहतं. घड्याळ लावून घाई करणारी आणि मध्येच जाहिराती दाखवणारी अ‍ॅप्स मी सरळ बाजूला ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त पडदा नको, आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच. जोड्यांच्या खेळाला त्यातली दहा मिनिटं पुरे.

आणखी एक खंत आहे. या खेळांत पेंग्विन असतो, कांगारू असतो; आपल्या राज्याचा प्राणी शेकरू दिसत नाही. मुंगूस, टिटवी, घोरपड यांनाही जागा नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला मुलांच्या परिसरातल्या वस्तूंचीच शिक्षणाची साधनं केली. प्राण्यांचं शिक्षणही तसंच जवळून सुरू व्हायला हवं.

या दिवाळीत गावी जाल, तेव्हा एवढं करा. शेळीचे, कोंबडीचे, कुत्र्याचे प्रत्येकी दोन फोटो काढा, एक समोरून आणि एक बसलेला किंवा पाठमोरा. ते छापून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि मुलाला जोड्या लावू द्या. अ‍ॅप त्यानंतर उघडा.