सागरमाळावरची वाळवणं

कोल्हापूरला आलात की अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर चक्कर आणि भेळ, असा बेत ठरलेलाच असतो. या खेपेला त्यात सागरमाळाची भर घाला. १९६२ साली स्थापन झालेलं शिवाजी विद्यापीठ याच माळावर वसलंय. आवार ८०० एकरांहून मोठं. इमारती आणि लावलेली झाडं आहेतच, पण मधूनमधून जुना माळ अजून शिल्लक आहे. कुसळी गवत, मुरूम, एखादी बोर नाहीतर बाभूळ. तिथं आपल्याला पाहायच्यात मुंग्या!

"हात्तिच्या! मुंग्या तर आमच्या साखरेच्या डब्यातही आहेत," असं म्हणालात ना? पण डब्यातल्या मुंग्या माणसाच्या वस्तीला सोकावलेल्या. त्यांतल्या काही तर बोटींतून जगभर फिरल्या. माळावरच्या कितीतरी मुंग्यांना मात्र ऊन लागतं, उघडी जमीन लागते आणि गवताचं बी लागतं.

बी वेचणाऱ्या मुंग्याच घ्या. त्यांच्या बिळाभोवती टरफलांचं कडं साचतं. एका जातीच्या बिळाच्या तोंडाशी तर मातीच्या पाकळ्या असतात, जणू रांगोळीतलं कमळ! त्यांच्यातल्या काही मुंग्यांची डोकी धडाच्या मानानं चांगलीच थोराड. हे त्यांचे अडकित्ते, बी फोडायचे.

आता जरा पुण्याला जाऊ. १८२९ साली साइक्स नावाचे इंग्रज अधिकारी सकाळी फिरायला निघाले होते. परेडच्या मैदानाजवळ, पडीक जागेत, त्यांना गवताच्या बियांचे मूठमूठभर ढीग दिसले. शेकडो मुंग्या बिळातून दाणे वर आणत होत्या. पावसानं कोठार भिजलं होतं, म्हणून उन्हात वाळवण घातलेलं! तुमची आजी कुरडया घालते ना अंगणात, तसंच. मुंग्या दाणे साठवतात ही तेव्हा युरोपातल्या बड्या विद्वानांना भाकडकथा वाटे. साइक्स यांनी १८३५ मध्ये हे छापलं आणि मुंगीचं नाव ठेवलं 'प्रोव्हिडन्स', म्हणजे पुढची तरतूद करणारी.

वर 'पडीक' शब्द आला, पाहिलंत? सारा घोटाळा त्याच्यापाशीच आहे. माळाला पडीक म्हटलं की कुणी प्लॉट पाडतं, कुणी राडारोडा टाकतं आणि कुणी अगदी चांगल्या मनानं गिरिपुष्पाची दाट रोपं लावतं. झाडं लावणं वाईट कसं, असं तुमच्या बाबांनाही वाटेल. पण दाट सावलीत हे गवत टिकत नाही, गवत गेलं की बी जातं, आणि बी वेचणारीचं कोठार रिकामं. दख्खनचे कितीतरी माळ म्हणजे तोडलेलं जंगल नव्हे बरं का. ती आफ्रिकेतल्या सव्हानाची भावंडं आहेत.

ब्राझीलमध्ये सेराडो नावाचा असाच मुलूख आहे. तिथल्या उबेरलांडिया शहरातल्या मुंग्यांचा अभ्यास २००७ साली छापून आला. चौकातल्या छोट्या बागांपेक्षा, मूळचा झाडोरा राखलेल्या मोठ्या तुकड्यांत मुंग्यांच्या जाती जास्त निघाल्या. शहरातला माळाचा तुकडाही कामाचा असतो तो असा.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस कोसळून गेला आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, की आईला नाहीतर बाबांना घेऊन माळावर जा. साइक्स यांनी वाळवण दुसऱ्यांदा पाहिलं तेही ऑक्टोबरातच. पायांत बूट हवेत. बिळापासून हातभर लांब उकिडवे बसा, काडी खुपसू नका. दाणे वर येऊ लागले तर घड्याळ लावून मोजा, पाच मिनिटांत किती येतात ते.