उसनी भीती

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की मुख्याध्यापकाच्या टेबलावर सहलीचे कागद येऊ लागतात. पूर्वी त्यांत ठरलेली नावे असत : हंपी, बदामी, विजापूरचा गोलघुमट, फार तर पन्हाळा. आता मुले येतात ती बेंगळुरूच्या वंडरलाचे नाहीतर खोपोलीच्या इमॅजिकाचे नाव घेऊनच. हंपीचे नाव काढावे तर "सर, तिथे नुसते दगड" असे ऐकावे लागते. पालकांच्या संमतिपत्राचा मसुदा आम्ही मराठीत आणि कन्नडमध्ये असा दोन्ही भाषांत काढतो. मुलांचे म्हणणे मात्र दोन्ही भाषांत एकच असते.

आणि सहलीहून परतताना बसमध्ये त्यांचे भांडणही एकच असते. सगळ्यांत भारी राइड कोणती? कुणी उंचीचा आकडा सांगतो, कुणी वेगाचा. ज्याचा आकडा मोठा त्याचा आवाज मोठा. पुढच्या बाकावर बसून हा वाद ऐकताना मला वाटते, प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. 'भारी' म्हणजे काय, हे ठरवणे हाच तर आम्हां मास्तर लोकांचा जन्माचा धंदा!

आकडाच प्रमाण मानायचा तर अमेरिकेतील न्यू जर्सीच्या 'किंगडा का' या रोलर कोस्टरला हात जोडावे लागतील. २००५ साली सुरू झालेल्या या राइडची उंची ४५६ फूट आणि वेग ताशी २०६ किलोमीटर. सारा खेळ अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपायचा. २०२४ मध्ये ती बंद झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आली. उलट न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 'सायक्लोन' नावाची लाकडी रुळांची राइड आहे. ती १९२७ सालची. उंची अवघी ८५ फूट, पण लोक अजून तिच्यापुढे रांग लावतात. त्याच किनाऱ्यावर १८८४ मध्ये लामार्कस थॉम्प्सन याने पाच सेंट घेऊन लोकांना उतारावरच्या गाडीत बसवले, तेव्हा तिचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास होता. आपला सायकलवाला तिला सहज मागे टाकील. तरी गर्दी लोटली. तेव्हा वेग नि उंची यांखेरीज आणखी काहीतरी असले पाहिजे.

ते काय, हे कळायला आपल्या नागपंचमीचा झोका पुरेसा आहे. आमच्या सीमाभागात पंचमीला चिंचेच्या नाहीतर लिंबाच्या फांदीला दोर पडतो. त्याला मराठी घरात झोका म्हणतात, शेजारच्या कन्नड घरात जोकाली. दोघी समोरासमोर उभ्या राहून झोका चढवू लागल्या की पाहणाऱ्याचाच जीव वर-खाली होतो. गंमत अशी की झोक्याचा वेग सर्वांत जास्त असतो तो खाली, जमिनीजवळ. पण पोटात गोळा येतो तो वर, टोकाला, जिथे झोका क्षणभर थांबतो, दोर किंचित सैल पडतो आणि अंगाचे वजन कुणीतरी काढून घेतल्यासारखे होते. हा थांबण्याचा क्षण म्हणजे झोक्याचा प्राण. उत्तम रोलर कोस्टर बांधणारेही याच क्षणाच्या मागे असतात. चढ संपताना गाडी माथ्यावर येते, पुढचे काही दिसत नाही, आणि शरीर आसनावरून अलगद सुटते. हा क्षण केव्हा द्यायचा, किती वेळा द्यायचा आणि त्याआधी किती वाट पाहायला लावायची, यात सारे कसब आहे. गवई सम लांबवतो, कीर्तनकार आख्यान ऐन रंगात आणून गजर लावतो, त्यातलाच हा प्रकार.

नुसती वाट पाहायला लावूनही भागत नाही. माणसाच्या देहाचा विचार करावा लागतो. १८९५ मध्ये कोनी आयलंडवरच गाडी उलटी फिरवणारी एक राइड निघाली होती. तिचा फेरा कंपासने काढावा तसा पूर्ण गोल होता. लोकांच्या माना दुखावू लागल्या. आमच्या विज्ञान शिक्षकांनी एकदा फळ्यावर हिशेब मांडून दाखवला : गोल फेऱ्यात माथ्यावरून जेमतेम निभावून जाण्याइतका वेग ठेवला, तरी फेऱ्याच्या तळाशी माणसाला आपले वजन सहापट वाटते. यावर तोडगा निघाला तो १९७६ मध्ये. कॅलिफोर्नियातील 'रिव्होल्यूशन' या राइडसाठी वर्नर स्टेंगेल या जर्मन अभियंत्याने फेऱ्याला थेंबाचा आकार दिला. खाली वळण पसरट, वर आवळलेले. उलटे होण्याची भीती तशीच राहिली. मानेचा त्रास गेला. भीती ठेवायची आणि इजा काढून घ्यायची, हे सूत्र मला फार मोलाचे वाटते.

या भीतीच्या पाठीमागे विश्वास उभा असतो. चढावर गाडी जाताना 'कट कट कट' असा आवाज येतो. मुलांचे निम्मे धैर्य तिथेच गळते. पण तो आवाज असतो गाडी मागे घसरू न देणाऱ्या खटक्याचा. रुळाच्या वर, बाजूला आणि खालीही चाके असतात, म्हणून माथ्यावर शरीर सुटले तरी गाडी सुटत नाही. खालच्या चाकांची ही युक्ती जॉन मिलर या अमेरिकन कारागिराने १९१९ मध्ये पेटंट केली. म्हणजे ज्या आवाजाने आपण घाबरतो तोच आपल्याला राखत असतो. अशी भीती उसनी असते. दोन मिनिटे वापरायची आणि उतरताना परत करायची.

तरीही एक गोष्ट उरते. ती मला पुस्तकातून कळली नाही, तीन वर्षांपूर्वीच्या सहलीत कळली. दहावीतली एक मुलगी पाऊण तास रांगेत उभी राहिली, जिना चढून वर गेली, आणि गाडी समोर आल्यावर तिने मान हलवली. मागून मैत्रिणींचा गिल्ला. आमचे एक तरुण शिक्षक, मनाने चांगले, "काही होत नाही, बस" म्हणत पुढे सरसावले. तेवढ्यात गाडीचे दांडे तपासणाऱ्या पोराने बाजूचे एक लहानसे फाटक उघडले आणि कन्नडमध्ये शांतपणे सांगितले, की भीती वाटत असेल तर इकडून खाली जायचे, इथे पुष्कळजण जातात. ती उतरून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी काही विचारले नाही. तीन फेऱ्या तिने डोळे न हलवता पाहिल्या आणि म्हणाली, "सर, परत रांगेत जाऊ?" गेली. आणि पुन्हा त्याच फाटकातून उतरून आली. बसमध्ये पोरांनी चिडवायला सुरुवात केली, तेव्हा तिने उत्तर दिले, "तुम्ही एकदाच चढलात. मी दोनदा चढले."

त्या दिवसापासून माझ्या लेखी राइडची खरी प्रतवारी त्या फाटकावरून ठरते. ज्या राइडला ऐनवेळी 'नको' म्हणणाऱ्यासाठी वाट ठेवलेली असते, आणि त्या वाटेने जाणाऱ्याचा कुणी पाणउतारा करत नाही, तिथे चढणाऱ्याच्या धैर्यालाही किंमत येते. ढकलून बसवलेल्याचे धैर्य कसले? तो नुसता डोळे मिटून सुटकेची वाट पाहतो.

आता आमच्याकडे पाहा. दहावीचा निकाल लागला की जूनमध्ये पालक कार्यालयात येतात. "सर, सायन्सलाच जा म्हणून तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकेल." मुलगा मागे उभा असतो, चपलेने फरशी घासत. कुणाला मराठी शाळेतून एकदम इंग्रजी माध्यमात टाकलेले असते, कुणाला दूरच्या वसतिगृहात. यातले सारेच चुकीचे असते असे नाही. चढ हवाच, चढाशिवाय मुले वाढत नाहीत. भीतीही थोडी हवी. पण ती मोजून दिलेली आहे का? घसरला तर धरणारा खटका कुठे आहे? आणि पायरीवर पोहोचल्यावर त्याला 'नको' म्हणावेसे वाटले, तर फाटक कोण उघडणार आहे?

पालकांशी हे सारे बोलणे होत नाही. त्यांना घाई असते, बाहेर प्रवेशाची रांग असते. म्हणून अलीकडे मी एवढेच करतो. वडिलांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगतो, मुलाला समोरची खुर्ची देतो, आणि त्याला आधी विचारतो, "तुला काय नको आहे, ते सांग." पहिली दोन मिनिटे तो गप्प असतो. मग बोलू लागतो.