परत फिरायची वेळ

"हिवाळ्याच्या अखेरीस कोकणचा समुद्र शांत असतो. बोटीतून फिरण्यासाठी आणि गळ टाकून मासे पकडण्यासाठी फेब्रुवारीसारखा दुसरा महिना नाही."

ही दोन वाक्यं माझी आहेत. मी कंटेंट रायटर आहे. पर्यटनावरच्या एका लेखासाठी मी ती लिहिली, तेव्हा मी इंदूरच्या आमच्या घरात रजई गुंडाळून बसले होते. वाक्यं खोटी नव्हती, पण अर्धी होती. उरलेलं अर्धं मला वर्षभरानंतर कळलं. तेव्हा मी रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी एका डोलणाऱ्या होडीत बसले होते आणि बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

बाबा त्या जानेवारीत बँकेतून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं रोज साडेनऊला घराबाहेर पडणारा माणूस अचानक दिवसभर घरात दिसू लागला. पेपर तीनदा वाचायचा, मग गॅलरीत उभं राहायचं. फारसं बोलायचे नाहीत. एकदा जेवताना मात्र आपणहून म्हणाले, "लहानपणी महेश्वरला आजोबांकडे गेलो की मी नर्मदेत गळ टाकून बसायचो. दिवस कसा जायचा कळायचं नाही."

मी तो धागा पकडला. माझा मामा रेवदंड्याला राहतो. अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. पलीकडच्या काठावर कोर्लईचा किल्ला. मी तिकिटं काढली आणि गाडीत बसल्यावर बाबांना माझा तो लेख मोठ्याने वाचून दाखवला.

मामाकडे पोचलो त्या रात्री मी जाहीर केलं, "उद्या होडीतून जाऊ. मी मोबाइलवर हवामान बघितलंय. सकाळी वारा अगदी कमी आहे."

मामाने विचारलं, "उद्या तिथी कोणती?"

मला हसू आलं. मासे पकडायला मुहूर्त कशाला?

"माघी पौर्णिमा आहे," मामीने स्वयंपाकघरातून सांगितलं. मामा जरा गप्प झाला. त्याला कॉलेजात परीक्षेचं काम होतं, त्यामुळे येता येणार नव्हतं. त्याने ओळखीच्या नाखवाकाकांना फोन लावला. नाखवा म्हणजे होडीचा मालक. फोन ठेवल्यावर मामा म्हणाला, "अकराच्या आत खाडीत परत यायचं. नाखवा सांगतील ते ऐकायचं."

सकाळी साडेसहाला धक्क्यावर गेलो, तेव्हा पाणी खूप खाली गेलं होतं आणि चिखल उघडा पडला होता. खाडीवर धुक्याचा पातळ थर होता. जमिनीकडून हलका, गार वारा येत होता. काका म्हणाले, हा मतलई वारा. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याजवळ त्याला लाट उठवायला जागाच मिळत नाही, त्यामुळे पाणी सपाट राहतं. खरंच, खाडीबाहेर पडलो तर समुद्र इस्त्री केल्यासारखा होता. मी फोटो काढले. फोटोत चांगलं दिसेना म्हणून लाइफ जॅकेटही काढून ठेवलं. काकांनी एकदा पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "घाल ते परत." मी घातलं.

बाबांनी कोलंबीचा तुकडा लावून गळ सोडला. पहिले तीन तास फक्त एक शिंगाळा लागला. त्याच्या काट्याची जखम फार ठणकते, म्हणून काकांनीच तो गळावरून सोडवला आणि परत पाण्यात टाकला. बाबा हिरमुसले नाहीत. नर्मदेच्या गोष्टी सांगत बसले. गेल्या महिन्याभरात ते जेवढं बोलले नव्हते, तेवढं त्या सकाळी बोलले.

पावणेअकराला काका म्हणाले, "चला, फिरू या."

नेमका तेव्हाच दोरा ताणला गेला. बाबांनी ओढून वर घेतली ती एक लालसर, हातभर नाही तरी वीतभर तांबोशी. बाबा लहान मुलासारखे हसले. मी म्हटलं, "काका, अजून अर्धा तास. आता कुठे लागायला लागलेत."

काकांनी पश्चिमेकडे पाहिलं. "वारा फिरेल," ते म्हणाले.

"समुद्र तर एकदम शांत आहे!"

अर्ध्या तासाचा एक तास झाला आणि एकाचे दोन. दर वेळी मीच अडवलं. काकांना शहरातून आलेल्या पाहुण्यांचं मन मोडवत नव्हतं आणि बाबांकडे बघून मला थांबवत नव्हतं. साडेबाराच्या सुमारास मानेवरचा वारा थांबला. पाच-दहा मिनिटं काहीच हललं नाही. मग समोरून, वायव्येकडून, गालावर वारा आला. पाण्यावर बारीक काटा उठला. तासाभरात त्या काट्याच्या लाटा झाल्या. काकांनी काही न विचारता नांगर उचलला.

दोनला खाडीच्या तोंडाशी पोचलो आणि मी समोर जे पाहिलं, ते सकाळी तिथे नव्हतं. मागे मोकळ्या समुद्रात लाटा होत्या, पण लांब आणि झेपतील अशा. खाडीच्या तोंडाशी मात्र पाणी उकळत असल्यासारखं दिसत होतं. लाटा आखूड, उभ्या, एकीवर एक आदळणाऱ्या. पहिल्याच लाटेला होडीचं नाक वर गेलं आणि धाडकन खाली आलं. बादली कलंडली, तांबोशी पाण्यात गेली. बाबा फळीवर आदळले, मनगट धरून बसले. दुसऱ्या लाटेने आम्ही तिघंही भिजलो.

काकांनी इंजिनचा आवाज कमी केला, लाटांचा अंदाज घेतला आणि होडी परत समुद्राकडे वळवली. मला वाटलं, हे काय करतायत? घर तर समोर दिसतंय! धक्का दिसत होता, नारळाची झाडं दिसत होती.

ओहोटीच्या ओढीपासून बाजूला जाऊन त्यांनी नांगर टाकला. "आता पाच वाजेपर्यंत इथेच," ते म्हणाले. "घाई केली तर होडी उलटते. थांबलं तर फक्त पोट उलटतं."

पोट उलटलं. बाबांचं आधी, मग माझं. तीन तास होडी वर-खाली होत राहिली. ओल्या कपड्यांत वाऱ्याने हुडहुडी भरली. तिथलं पाणी फेब्रुवारीतही इंदूरच्या नळाच्या पाण्याइतकं गार नसतं, पण भिजलेल्या अंगाला वारा सोडत नाही. बाबांचं मनगट सुजलं. ते एकदाही मला काही बोलले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. काकांनी फोन करून मामाला आम्ही कुठे आहोत ते कळवलं. पाचनंतर खाडीच्या तोंडावरचा खळखळाट आपोआप बसत गेला. वारा तसाच होता, पण लाटा मवाळ झाल्या. साडेपाचला आम्ही आत शिरलो. तासाभरात सूर्य मावळणार होता. मामा धक्क्यावर उभा होता, अंगावर कॉलेजचे कपडे तसेच.

रात्री बाबांच्या मनगटाला पट्टी बांधून झाल्यावर मामाने भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यासमोर ठेवलं. तो रागावला नाही. शिक्षक असल्यामुळे त्याने शिकवलं.

"तिथीची पाऊणपट कर. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट?"

"सव्वाअकरा."

"म्हणजे साधारण सव्वाअकराला भरती पूर्ण होणार. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. त्यानंतर सहा तास ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी."

मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर चालत आलेला हा हिशोब आहे. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांत तो तसाच लागतो. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून तो जुळतो.

मग मामाने दोन वेळापत्रकं एकाखाली एक लिहिली. वाऱ्याचं वेळापत्रक सूर्य ठरवतो. पहाटे वारा जमिनीकडून, दुपारी जमीन तापली की समुद्राकडून. हिवाळा सरताना दुपारचं ऊन वाढतं, तसा हा दुपारचा वाराही जोर धरतो. पाण्याचं वेळापत्रक चंद्र ठरवतो. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, तेव्हा उधाणाची भरती येते. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि म्हणून जास्त जोरात वाहतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा ओढ कमी.

"आता बघ," मामा म्हणाला. "आज दुपारी ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर धावत होतं आणि वारा बाहेरून आत येत होता. दोघं समोरासमोर आले की लाट उभी राहते. त्यात तुम्ही पोचलात दोन वाजता. सहा तासांच्या ओहोटीत तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी उतरतं. सगळ्यात वाईट वेळ तुम्ही निवडलीत."

मी मोबाइलवर बघितलेला अंदाज बरोबर होता. सकाळी वारा कमीच होता. पण मी जायच्या वेळचा वारा बघितला, यायच्या वेळचा नाही. आणि पाण्याकडे तर बघितलंच नाही. बाबा इतक्या वेळाने पहिल्यांदा बोलले, "नर्मदेचं पाणी एकाच बाजूला जातं. हे पाणी दिवसातून चारदा मन बदलतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

त्या रात्री मी बरंच वाचलं, अपराधी वाटत होतं म्हणून. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था समुद्राचा अंदाज देते. लाटेची उंची, वारा, प्रवाह, अगदी मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे तेही उपग्रहांच्या माहितीवरून सांगते. मच्छीमारांसाठी हे मराठीतही मिळतं. हेही कळलं, की या दिवसांत इराणच्या आखाताकडे 'शमाल' नावाचे जोरदार वायव्य वारे सुटतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. म्हणजे आपल्याकडे वारा पडलेला असतानाही लांबून आलेली एखादी मोठी लाट खडकावर चढू शकते. खडकावर उभं राहून गळ टाकणाऱ्यांसाठी ही गोष्ट होडीवाल्यांपेक्षाही महत्त्वाची. तिथे दुसरा धोका पाठीमागे असतो. आपण समोर दोऱ्याकडे बघत असतो आणि भरतीचं पाणी मागची वाट बुडवत असतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाऊन भरतीला अडकणारे पर्यटक हेच विसरतात.

आम्ही मुक्काम वाढवला. आठ दिवसांनी, वद्य अष्टमीला, बाबा म्हणाले, "जाऊ या का?" मनगटाला अजून पट्टी होती. या वेळी मी बोललेच नाही. काकांनी वेळ सांगितली, मामाने परतायची वेळ कागदावर लिहून मामीकडे दिली. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर मी फोनमध्ये साठवला. लाइफ जॅकेट घरूनच घालून निघाले.

सकाळी ओहोटीचं पाणी आणि मतलई वारा, दोघांनी मिळून आम्हाला बाहेर नेलं. दुपारी एकला वारा फिरला, अगदी त्या दिवसासारखाच. पण आता भरती लागली होती. पाणी आणि वारा दोन्ही खाडीत शिरत होते. ज्या तोंडाशी आम्ही तीन तास अडकलो होतो, तिथून होडी पाळण्यासारखी आत आली. तोच महिना, तोच वारा, जवळपास तीच वेळ. फक्त तिथी वेगळी. शिडाच्या होड्यांच्या काळात माणसं अशीच वारा-पाण्याच्या पाठीवर बसून जात-येत असतील, असं काका म्हणाले.

त्या दिवशी एकही मासा लागला नाही. बाबांना त्याचं काही वाटलं नाही.

इंदूरला परतल्यावर बाबांनी गॅलरीत एक कॅलेंडर टांगलं. रोज सकाळी तिथीची पाऊणपट करतात आणि मला हाक मारून सांगतात, "आज रेवदंड्याला पावणेचारला भरती." समुद्रापासून इतक्या दूर त्याचा उपयोग काहीच नाही. पण पुढच्या फेब्रुवारीची तिकिटं काढून झाली आहेत, आणि ती अष्टमी बघूनच काढली आहेत.

मी माझा तो लेख पुन्हा उघडला आणि संपादकांना विनंती करून पहिलं वाक्य बदलून घेतलं. आता ते असं आहे : "हिवाळ्याच्या अखेरीस कोकणचा समुद्र सकाळी शांत असतो. निघण्याआधी परतायची वेळ ठरवा आणि मासे लागत असले तरी ती पाळा."