तो पीक कुणाचा?

रक्तदाबाच्या व्हॅल्सार्टन गोळ्यांत एनडीएमए हे कर्करोगकारक नायट्रोसअमाइन सापडलं आणि जुलै २०१८ मध्ये त्या युरोपात बाजारातून परत मागवल्या गेल्या, तेव्हा मी औषधांचा कच्चा माल तपासणाऱ्या लॅबमध्ये एचपीएलसीवर काम करत होते. बातमी वाचून आम्ही जुने क्रोमॅटोग्राम उघडले. त्यांत एनडीएमए दिसणारच नव्हतं. आमच्या नेहमीच्या यूव्ही पद्धतीच्या आवाक्यात ते नव्हतं, आणि मुळात कुणी ते शोधतच नव्हतं. चीनमधल्या एका उत्पादकानं रेणूतलं टेट्राझोल वलय बनवायची रीत बदलली होती. डीएमएफ हे सॉल्व्हंट आणि उरलेला अझाइड नष्ट करायला सोडियम नायट्राइट. डीएमएफमध्ये थोडं डायमिथिलअमाइन असतंच. त्याची नायट्राइटशी गाठ पडली आणि एनडीएमए तयार झालं. त्यानं उंदरांना यकृताचा कर्करोग होतो, हे मॅगी आणि बार्न्स यांनी १९५६ मध्येच दाखवलं होतं. म्हणजे माहिती होती, पण त्या प्रक्रियेकडे बघताना ती कुणाला आठवली नाही. तपासणीत ‘पास’ झालेला माल म्हणजे आपण विचारलेल्या प्रश्नांपुरता पास, हे मला तेव्हा खऱ्या अर्थानं कळलं.

पुढे मी रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या एलसी-एमएसवर गेले आणि मधुमेहाचं औषध मेटफॉर्मिन हाती आलं. आमच्याकडे मधुमेह नसलेलं घर शोधावं लागतं, त्यामुळे या औषधाची जबाबदारी मला फार जवळची वाटते. एनडीएमएची मान्य मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. मेटफॉर्मिन दिवसाला अडीच ग्रॅमपर्यंत घेतात, म्हणून त्याच्यासाठी मर्यादा येते ०.०३८ पीपीएमच्या आसपास. टनभर तांदळातून परक्या जातीचे दीड-दोन दाणे वेचायचे, असं हे काम. या पातळीवर सॅम्पलच्या आधी स्वतःच्या लॅबवरच संशय घ्यावा लागतो. क्लोरिनयुक्त पाण्यात नायट्रोसअमाइन तयार होऊ शकतात, रबरातून ती झिरपतात. म्हणून आधी ब्लँक, म्हणजे सॅम्पलशिवायची चाचणी, पुन्हा ब्लँक, हातमोज्यांचं धुवण, वायलची झाकणं. ब्लँक सपाट आल्याशिवाय मी सॅम्पल लावत नाही.

एका बॅचमध्ये आलेखावर एनडीएमएच्या जागेवर पीक, म्हणजे उंचवटा, आला, मर्यादेच्या वर. ब्लँक सपाट होता, स्टँडर्ड जागेवर होतं. माल पॅक होऊन उभा होता, प्रॉडक्शनचे फोन सुरू झाले. तरीही लगेच ‘फेल’ लिहायला माझं मन तयार होईना, कारण या मालात डीएमएफही होतं. ते मान्य मर्यादेत होतं, पण ती मर्यादाच ८८० पीपीएम आहे. निसर्गातल्या नायट्रोजनचा अगदी थोडा भाग, हजारात चारेक अणू, एका एककानं जड असतो. असा जड नायट्रोजन असलेल्या डीएमएफच्या आयनाचं वस्तुमान ७५.०५७१ आणि एनडीएमएचं ७५.०५५३. साध्या क्वाड्रुपोलला दोघं एकच. कॉलममधून ती एकत्र बाहेर पडली, तर निरुपद्रवी प्रमाणातलं डीएमएफ विषाचा मुखवटा घालून समोर येतं. अमेरिकेच्या एफडीएनं २०२० मध्ये मेटफॉर्मिनच्याच संदर्भात हे बजावलं होतं.

ग्रेडियंट हळू केला, डीएमएफचं स्टँडर्ड वेगळं चालवलं. पीक दुभंगला. मोठा भाग डीएमएफच्या वेळेला गेला. उरलेला एनडीएमएच्या जागीच राहिला, तो मर्यादेच्या खाली होता. मग सॅम्पल हाय-रिझोल्यूशन यंत्रावर पाठवलं, आकडे जुळले. मुद्दाम एनडीएमए मिसळून स्पाइक केलेल्या सॅम्पलची रिकव्हरी बसल्यावरच मी सही केली.

या कामात सावधगिरी म्हणजे शंका आली की फेल करणं, असं बरेच जण धरून चालतात. मला ते पटत नाही. खोट्या पीकामुळे चांगली बॅच नष्ट झाली, तर कुठेतरी कुणाची साखर वाढते. व्हॅल्सार्टनच्या वेळीही नियामक रुग्णांना सांगत होते, गोळी एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. दोन्ही बाजूंनी माणूसच आहे, म्हणून आकडा खराच हवा.

आता नवी प्रक्रिया आली की आम्ही आधी कागदावर बसतो: नायट्राइट कुठून येईल, अमाइन कुठून येईल, परत वापरलेल्या सॉल्व्हंटमधून काय येईल. गोळीत मिसळायच्या सेल्युलोजमध्येही किंचित नायट्राइट असतं, तेही यादीत धरतो. सध्या माझ्याकडे प्रोप्रानोलॉल आहे. त्यात औषधाच्याच रेणूचं नायट्रोसो रूप शोधायचं आहे, आणि त्याचं स्टँडर्ड अजून यायचंय.