चिखलातून डांबरावर

आमच्या जिंतूर तालुक्यात पावसाळ्यात सायकल चालवायची कमी आणि उचलायची जास्त. काळी माती मडगार्डमध्ये गच्च बसते, चाक फिरतच नाही. मग काडी घ्या, माती उकरा, दहा पावलं जा, पुन्हा काडी. शेवटी आम्ही पोरांनी मडगार्डच काढून टाकली. शर्टावर मागे चिखलाची रेघ उमटायची, घरी आई शिव्या घालायची, पण चाक फिरायचं!

परभणी रोडच्या डांबरावर मात्र वेगळीच विद्या. समोरून वारा असला की उसाच्या ट्रॅक्टरची वाट बघायची. ट्रॉलीच्या मागे सायकल घातली की वारा लागत नाही, पायडल एकदम हलकं. (आईला हे अजून माहीत नाही.)

हे सगळं आठवलं ते परवा रात्री. हापिसातल्या टेन्शनने झोप येईना, म्हणून २०११ च्या टूर द फ्रान्सचं जुनं चित्रण लावून बसलो होतो. ती जिंकली केडेल इव्हान्सने. हा ऑस्ट्रेलियन गडी मुळात आमच्या चिखलाच्या जातीचा. १९९८ आणि १९९९ अशी लागोपाठ दोन वर्षं माउंटन बाइकचा वर्ल्ड कप त्याने जिंकला. तिथे शर्यत दोनेक तासांची. चढ, दगड, चिखल... आणि तुम्ही एकटे. असं सगळं छान चाललेलं असताना २००१ मध्ये हा रोड रेसिंगला गेला. म्हणजे पुन्हा पहिलीत.

रोडवरची शर्यत तीन-तीन आठवडे चालते आणि सगळा खेळ ट्रॉलीमागच्या हवेचा असतो. दुसऱ्याच्या आडोशाने जायचं, दम राखायचा, साथीदारांवर भरवसा ठेवायचा. २००२ च्या जिरो द इतालियात आघाडीवीराची गुलाबी जर्सी त्याच्या अंगावर आली आणि दुसऱ्याच दिवशी शेवटच्या चढावर सगळं बळ संपलं, जर्सी गेली. २००३ मध्ये गळपट्टीचं हाड मोडलं. एकदा नाही, तीनदा! २००७ ची टूर २३ सेकंदांनी हुकली, २००८ ची ५८ सेकंदांनी. लोक त्याला कायमचा दुसरा म्हणायला लागले. २००९ मध्ये तो जगज्जेता झाला, पण टूर काही मिळेना.

आता गालिबिएचा चढ. अँडी श्लेक लांबूनच पुढे निसटलाय, अंतर चार मिनिटांच्या वर गेलंय. इव्हान्सच्या मागे सगळे दिग्गज, पण पुढे येऊन कोणी वारा कापेना. सगळ्यांना याचीच ट्रॉली पाहिजे! दोन-तीनदा याने मागे बघितलं, हाताने खुणावलं. मग नाद सोडला आणि मान खाली घालून एकटाच ओढायला लागला. माथ्यावर पोचला तेव्हा अंतर सव्वादोन मिनिटांवर आलं होतं. दोन दिवसांनी ग्रेनोबलच्या टाइम ट्रायलमध्ये उरलेली ५७ सेकंदं भरून काढली आणि वर दीड मिनिटाची आघाडी घेतली. वय ३४.

आडोसा घ्यायला शिकण्यात याची दहा वर्षं गेली, आणि ऐन वेळी कामी आलं ते आडोसा नसताना चालवणं. मी तो चढ तीनदा मागे नेऊन बघितला.

मलाच का एवढं लागलं? तर झालं असं की बारा वर्षं एकट्याने सांभाळलेलं सॉफ्टवेअर सोडून दोन महिन्यांपूर्वी मी स्वतःहून नव्या टीममध्ये गेलो. जुनं काम मला झोपेत यायचं. इथे माझा कोड तपासतो तो पंचविशीतला पोरगा. गुणी आहे, ‘सर, हे असं नको’ म्हणतो आणि बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असतं. परत जुन्या जागी यायचं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, असा निरोप होता.

शुक्रवार होऊन गेला. मी काही कळवलं नाही.

पुढच्या शनिवारी गावी चाललोय. मडगार्ड नसलेली ती सायकल अजून गोठ्यात टांगलेली आहे म्हणे. ट्यूब मात्र नवीन घ्यावी लागेल.