जेद्दा पाच तासांवर

रत्नागिरीहून मुंबईला रात्रीच्या एसटीने यायचं तर आठ-नऊ तास मोडतात. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मुंबई ते जेद्दा त्याच्या दहापट, सुमारे ३,५०० किलोमीटर. विमान तिथे सव्वापाच तासांत उतरतं. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे सकाळी १० ला मुंबई सोडलेला माणूस तिथल्या पाऊणच्या सुमारास पोहोचतो आणि जोहरची नमाज जेद्द्यात पढतो.

माझे आजोबा याच जेद्द्याला बोटीने गेले होते. मुंबईहून हाजींच्या बोटी १९९५ पर्यंत सुटत. प्रवास आठवड्याहून अधिक, शिवाय आधी मुसाफिरखान्यात मुक्काम. माणूस परत येईलच याची खात्री नसे. म्हणून निघण्याआधी आजोबांनी दुकानदाराची उधारी चुकवली, गावात घरोघर जाऊन ‘कहा-सुना माफ करा’ म्हटलं. ज्यांच्याशी बोलणं नव्हतं, त्यांच्या दारात आधी गेले. पुढे समुद्रावर जिकिर करायला, मन निवायला दिवसच्या दिवस मिळत. यलमलमची मिकात जवळ आली की खबर मिळे, मग निवांतपणे एहराम बांधायचा.

आता मिकात आकाशातून ओलांडायची असते. मुंबईहून जाणाऱ्यांना ती बहुधा ताइफजवळची, कर्नुल मनाझिलची. विमान मिनिटाला १३-१४ किलोमीटर कापतं. तेवढ्यात कपडे बदलायला जावं तर बाथरूमपुढे रांग. म्हणून जाणकार सांगतात, एहराम घरून किंवा विमानतळावरच बांधा. घोषणा झाली की फक्त नियत आणि लब्बैक.

मला वाटतं, हीच गोष्ट मनाच्या तयारीलाही लागू आहे. तीही आता वाटेत होत नाही.

आमच्या मोहल्ल्यात दोन भाऊ आहेत. शेताच्या बांधावरून बोलणं बंद. धाकटा उमरा करून आला, तेव्हा थोरल्याकडे खजूर आणि जमजम मुलाच्या हाती पाठवलं. थोरल्याने ते घेतलंही. पण दोघं अजून ईदला गळाभेट घेत नाहीत. जेद्दा पाच तासांवर, थोरल्याचं घर दोन मिनिटांवर.

बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करायचा असतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आजोबांना ते बोटीच्या भीतीने करायला लावलं असेल. आपल्याला ती भीती उरली नाही, ही अल्लाहची मेहरबानीच. पण मग ते काम आपणहून करावं लागेल.

यंदा तुमच्या घरून कुणी निघत असेल, तर बॅगेचं वजन करण्याआधी त्यांना एवढंच विचारा: कुणाकडे जायचं राहिलंय का?